शँटी : लाकूडतोड्यांच्या छावणीपासून न्यायालयापर्यंत

१८४५ च्या वसंतात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, काँकॉर्ड गावाजवळ, लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी एक घर विकत घेतले. राहायला नव्हे, मोडायला. वॉल्डन तळ्याकाठी त्यांना स्वतःसाठी एक खोली उभारायची होती आणि त्यासाठी फळ्या हव्या होत्या. घर होते जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराचे. तो फिचबर्ग रेल्वेच्या कामावर होता. सौदा सव्वाचार डॉलरला ठरला. कॉलिन्सने सकाळी पाचला घर सोडायचे आणि सहाला थोरोंनी ताबा घ्यायचा, अशी बोली झाली.

थोरोंनी ‘वॉल्डन’ या आपल्या पुस्तकात या घरातल्या चीजवस्तू टिपून ठेवल्या आहेत. एक चूल, एक खाट, बसायला जागा, तिथेच जन्मलेले एक तान्हे मूल, एक रेशमी छत्री, सोनेरी चौकटीचा आरसा आणि ओकच्या रोपट्याच्या खोडाला ठोकून बसवलेली कॉफी दळायची नवी चक्की. दुसऱ्या दिवशी पहाटे हे कुटुंब त्यांना वाटेत भेटले तेव्हा सारा संसार एका मोठ्या गाठोड्यात मावला होता. मांजर तेवढे मागे राहिले. थोरो फळ्या गाडीतून तळ्याकडे नेत असताना शेजारचा दुसरा एक आयरिश माणूस त्यातले सरळ, चांगले खिळे खिशात टाकत होता, हेही त्यांनी नोंदवले आहे. साध्या राहणीचे प्रतीक म्हणून जगभर ओळखली गेलेली थोरोंची खोली एकंदर २८ डॉलर साडेबारा सेंटमध्ये उभी राहिली, आणि तिच्या बहुतेक फळ्या कॉलिन्सच्या घराच्या होत्या. खोली तीर्थस्थान झाली. ज्या घरात ते मूल जन्मले, ते मात्र हिशेबातल्या एका नोंदीपुरते उरले.

थोरोंनी कॉलिन्सच्या घरासाठी जो शब्द वापरला तो ‘शँटी’. आज इंग्रजीत हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे पत्रे, फळ्या, ताडपत्री आणि दारिद्र्य येते. खोपटे, झोपडे, पाल असे आपले शब्द त्याच्या आसपास जातात. पण शँटीच्या मुळाशी दारिद्र्य नव्हते, काम होते. कामाच्या ठिकाणाचे नाव राहणाऱ्याच्या अंगाला चिकटले आणि हळूहळू त्यातले काम गळून गेले. हे कसे घडले, ते पाहण्यासाठी कॅनडातल्या पाइनच्या जंगलात जावे लागते.

फ्रेंचमध्ये ‘शाँतिए’ म्हणजे बांधकामाची किंवा कामाची जागा. फ्रान्समध्ये आजही इमारतीचे वा जहाजबांधणीचे काम चालते त्या जागेला हाच शब्द आहे. त्याच्याही मागे लॅटिन ‘कँथेरियस’ आहे. त्याचा एक अर्थ ओझ्याचा खच्ची घोडा, दुसरा छपराचा वासा. भार पेलणारे ते सारे एका नावात आले. बंदरातल्या अवजड यारीच्या सांगाड्याला इंग्रजीत ‘गँट्री’ म्हणतात, तोही बहुधा याच घोड्याचा वंशज. कॅनडात गेलेल्या फ्रेंच भाषकांनी ‘शाँतिए’ला नेमका अर्थ दिला : हिवाळ्यात जंगलात लाकूडतोडीची छावणी आणि त्या छावणीतले ओंडक्यांचे घर. तोडीच्या हंगामाला जाणे म्हणजे शाँतिएला जाणे.

या छावण्या वाढल्या त्या युरोपातल्या युद्धामुळे. १८०६ साली फिलेमन राइट या वसाहतकाराने ओटावा नदीतून चौकोनी तासलेल्या लाकडांचा पहिला तराफा क्वेबेक शहरापर्यंत नेला. त्याच वर्षाअखेर नेपोलियनने ब्रिटनची व्यापारी कोंडी जाहीर केली. बाल्टिक किनाऱ्यावरून ब्रिटिश जहाजांसाठी येणारे लाकूड अडले आणि लंडनच्या नजरा कॅनडाकडे वळल्या. पुढची कित्येक दशके ओटावा नदीच्या खोऱ्यातून उंच पांढरे पाइन तोडून, तासून, तराफ्यांनी क्वेबेकला आणि तिथून जहाजांनी ब्रिटनला जात राहिले. तोड हिवाळ्यातच चाले, कारण बर्फावरून ओंडके ओढणे सोपे. वसंतात नद्या मोकळ्या झाल्या की लाकूड पाण्यावर सोडायचे.

त्या काळच्या शँटीची रचना लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. तिला ‘कँबूज’ शँटी म्हणत. कँबूज म्हणजे मुळात जहाजावरचे स्वयंपाकघर. डच खलाशांचा शब्द फ्रेंचमधून जंगलात आला. आडव्या ओंडक्यांच्या भिंती, एकच बुटके दार, खिडकी बहुधा नाहीच. मधोमध वाळूने भरलेली उघडी चूल आणि तिच्या बरोबर वर छपराला मोठे चौकोनी भोक. धूर तिथून बाहेर जाई, उजेड तिथून आत येई. छपरावर ओंडके उभे चिरून, आतून कोरून, एक उताणा आणि एक पालथा असे बसवत, अगदी कोकणातल्या नळीच्या कौलांसारखे. पन्नासेक माणसे भिंतीलगतच्या दुमजली फळ्यांवर, पाय विस्तवाकडे करून, अंगावरच्या कपड्यांनिशी झोपत. आचारी लोखंडी भांड्यात पाव घालून ते भांडे तापल्या वाळूत पुरून ठेवी. घेवडा आणि खारवलेले डुकराचे मांस याच पद्धतीने रात्रभर शिजे. ऑन्टारिओतल्या अल्गॉनक्विन उद्यानातील लाकूडतोडीच्या संग्रहालयात अशी एक शँटी पुन्हा उभारून ठेवली आहे. खिळ्यांचा जवळजवळ उपयोग न करता, कुऱ्हाडीच्या बळावर, काही दिवसांत उभे राहणारे हे घर ओबडधोबड खरे, पण अडाणी मुळीच नाही. उणे तीस अंशांत पन्नास माणसांना ते जिवंत ठेवत असे.

या घरात राहणाऱ्यांना ‘शँटीमन’ म्हणत, आणि त्या नावात कमीपणा नव्हता. हिवाळाभर शँटीत काढून वसंतात खिशात पैसे घेऊन परतणारा तरुण गावात मिरवत असे.

शब्दाच्या जन्माबद्दल दुसरा एक दावा आहे आणि तो आयरिश लोकांना फार प्रिय आहे. आयरिश भाषेत ‘शान’ म्हणजे जुने आणि ‘टी’ म्हणजे घर. म्हणून शँटी म्हणजे ‘जुने घर’. उच्चार चपखल जुळतो. पण अर्थ जुळत नाही. शँटी कधीच जुनी नसे. ती नवी, घाईने उभारलेली आणि काम संपले की टाकून द्यायची असे. शिवाय गरिबांच्या झोपड्यासाठी आयरिशमध्ये ‘बोहान’ हा आपला शब्द होताच. १८४१ च्या आयर्लंडच्या जनगणनेत घरांचे चार वर्ग पाडले होते आणि चौथा, सर्वांत खालचा वर्ग एका खोलीच्या मातीच्या घरांचा होता. अशा घरांतून आलेल्या माणसांना झोपडीसाठी नवा समास घडवण्याची गरज नव्हती. इंग्रजी छापील मजकुरात शब्द दिसू लागतो तो १८२० च्या सुमारास. झेरा हॉली या कनेटिकटच्या डॉक्टरांनी ओहायोच्या उत्तर भागातले आपले अनुभव १८२२ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात दहा फूट बाय आठ फुटांच्या अशा एका घराचे वर्णन आहे आणि इथे याला शँटी म्हणतात असे सांगितले आहे. हा मुलूख मोठ्या सरोवरांच्या काठचा. फ्रेंच व्यापारी आणि लाकूडतोडे तिथे पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. बहुतेक कोशकारांचा कौल म्हणूनच शाँतिएकडे आहे, आणि तो पटण्यासारखा आहे.

तरीही आयरिश लोकांना या गोष्टीतून वगळता येत नाही. शब्द फ्रेंचांचा असेल, पण तो देशभर नेला आयरिश मजुरांनी, स्वतःच्या पाठीवरून. १८१७ ते १८२५ या काळात खणलेला ३६३ मैलांचा ईरी कालवा, पाठोपाठ माँट्रियलचा लाशीन कालवा, मग १८२६ ते १८३२ दरम्यान कर्नल जॉन बाय यांनी बांधून घेतलेला रिडो कालवा : प्रत्येक ठिकाणी कामाच्या कडेला शँट्यांची रांग होती. आजचे ओटावा शहर तेव्हा बायटाउन होते. तिथल्या खोदकामालगतच्या आयरिश वस्तीला आयर्लंडमधल्या कॉर्कवरून कॉर्कस्टाउन म्हणत. काही कुटुंबे तर मातीच्या उतारात खड्डा काढून वर छप्पर टाकून राहिली. रिडोच्या दलदलीत शेकडो कामगार हिवतापाने आणि अपघातांनी गेले. हाच आयरिश माणूस पुढे ओटावाच्या जंगलात फ्रेंच माणसाच्या शेजारी कुऱ्हाड चालवू लागला. ‘शाँतिए’ त्याच्या कानाला ओळखीचा वाटला असेल आणि त्याने तो आपल्या ‘शान टी’सारखा उच्चारला असेल, हे अगदी शक्य आहे.

कालवे झाले, रेल्वे झाली, आणि नाव वळले. छावणीत कुटुंबावाचून राहणारा शँटीमन मागे पडला. बायकामुलांसह शहराच्या कडेला राहणारा मजूर पुढे आला. ‘शँटी आयरिश’ ही शिवी झाली. तिच्याविरुद्ध ‘लेस-कर्टन आयरिश’, म्हणजे खिडकीला जाळीचे पडदे लावण्याइतके वर आलेले आयरिश. एकाच समाजात उभी फूट पाडायला खिडकीचा पडदा पुरला. जिम टली या लेखकाने १९२८ मध्ये आपल्या कुटुंबाच्या आठवणींच्या पुस्तकाला ‘शँटी आयरिश’ हेच नाव दिले. शिवी उचलून स्वतःच्या कपाळावर लावण्याचे ते धैर्य होते.

या शब्दाने सर्वांत मोठा अन्याय केला तो मात्र न्यूयॉर्कमध्ये, आणि आयरिशांपेक्षाही कृष्णवर्णीयांवर. १८२५ साली अँड्र्यू विल्यम्स या बूटपॉलिश करणाऱ्या तरुण कृष्णवर्णीयाने मॅनहॅटनच्या वरच्या भागात १२५ डॉलरला जमिनीचे तीन तुकडे घेतले. त्याच्यामागून इतर आले. या वस्तीचे नाव सेनेका व्हिलेज. १८५५ पर्यंत तिथे सव्वादोनशेच्या आसपास माणसे होती : सुमारे दोन तृतीयांश कृष्णवर्णीय, उरलेले बहुतेक आयरिश. तीन चर्चेस होती, शाळा होती. तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी जवळपास निम्म्यांची घरे स्वतःच्या मालकीची होती. जमिनीला तेव्हा आणखी एक मोल होते. न्यूयॉर्क राज्याच्या १८२१ च्या घटनेनुसार तिथे कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचे तर २५० डॉलरची मालमत्ता असणे भाग होते. गोऱ्यांना ती अट नव्हती. सेनेका व्हिलेजमधले घर म्हणजे मतदानाचा हक्क.

१८५३ मध्ये सेंट्रल पार्कसाठी ही जागा सक्तीने संपादित करायचे ठरले. वर्तमानपत्रांतून या संपूर्ण भागाचे वर्णन शँट्या, डुकरे आणि उपरे असे होऊ लागले. दुमजली लाकडी घरे, प्रार्थनास्थळे, दफनभूमी, साऱ्यांवर एकच शब्द टाकला गेला. घराला शँटी म्हटले की ते पाडताना कोणाचे घर पाडले, असा प्रश्न उरत नाही. विल्यम्सने आपल्या मालमत्तेचे साडेतीन हजार डॉलर मागितले, त्याला २,३३५ मिळाले. १८५७ पर्यंत वस्ती भुईसपाट झाली. बागेच्या संपूर्ण जागेवरून सुमारे १६०० माणसे हलवली गेली. २०११ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले तेव्हा लोखंडी किटली, भाजण्याचे भांडे, चिनी मातीच्या नक्षीदार भांड्यांचे तुकडे आणि चामड्याच्या तळाचा एक छोटा बूट निघाला. दीडशे वर्षे ज्या वस्तीला खोपट्यांचा उकिरडा म्हटले गेले, तिची साक्ष द्यायला जमीन पुढे आली.

त्याच बागेत शँटी पुन्हा आली. १९२९ च्या मंदीनंतर बेकारांनी अमेरिकाभर फळ्या-पत्र्यांच्या वस्त्या उभारल्या आणि राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्यावरचा राग म्हणून त्यांना ‘हूवरव्हिल’ म्हटले. सेंट्रल पार्कमधला जुना जलाशय रिकामा केलेला होता. त्याच्या तळात बेकार कारागिरांनी घरे बांधली, त्यांतले एक तर गवंड्यांनी विटांचे बांधले होते. १९३३ मध्ये ही वस्तीही काढली गेली. सिअ‍ॅटलची हूवरव्हिल जास्त टिकली, १९४१ पर्यंत, आणि तिचा निवडलेला ‘महापौर’ही होता. या काळात लोकांच्या बोलण्यात शब्द थोडा मऊ झाला, कारण शँटीत आता कालचा शेजारी राहत होता.

इतर वाटांनीही हा शब्द फिरला. ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या खाणींवर विनापरवाना दारूच्या गुत्त्याला शँटी म्हणत. विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला नेतात त्या चिमुकल्या लाकडी खोलीला आजही शँटीच म्हणतात, आणि ती अभिमानाने रंगवतात. खलाशांच्या ‘शँटी’ गाण्यांचे कूळ मात्र वेगळे मानतात. ते ‘गाणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाकडे जाते.

दक्षिण आफ्रिकेत मात्र ‘शँटीटाउन’ हा राजकारणाचा शब्द झाला. १९४४ साली जेम्स म्पांझा यांनी घरांवाचून कोंडलेल्या कुटुंबांना जोहान्सबर्गजवळच्या ऑरलँडोत मोकळ्या जमिनीवर नेले आणि गोणपाटांची वस्ती उभी केली. पुढे केप टाउनजवळची क्रॉसरोड्स वस्ती सरकार हटवू पाहत राहिले, आणि तिची छायाचित्रे जगभर गेली. ती पाहून १९८५-८६ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठांच्या हिरवळीवर शँट्या बांधल्या; विद्यापीठांनी वर्णद्वेषी राजवटीशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांतले पैसे काढून घ्यावेत, ही मागणी होती. डार्टमथ कॉलेजमध्ये जानेवारी १९८६ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या पहिल्या राष्ट्रीय सुट्टीनंतरच्या रात्री, काही विद्यार्थ्यांनी घणांनी त्या फोडल्या. युटा विद्यापीठाने सुरक्षिततेचे कारण देऊन त्या हटवायचे ठरवले, तेव्हा विद्यार्थी केंद्रीय न्यायालयात गेले. १९८६ च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटले की या शँट्या म्हणजे मतप्रदर्शन आहे आणि अमेरिकी राज्यघटनेतल्या, अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणाऱ्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण त्यांना आहे. विद्यापीठ वाजवी नियम घालू शकेल, पण त्या सरसकट हटवू शकणार नाही.