विस्तव न जाणाऱ्या घरांचा इतिहास

होटगीत फील्डवर्कला गेले की माझा मुक्काम आत्याकडे असतो. घरात गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी आणि ज्वारीच्या भाकरी अजून परसातल्या चुलीवरच होतात. या पावसाळ्यात ती चूल कशी पेटवते हे पहिल्यांदाच नीट बसून बघितलं. रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून तिने सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर तुकडे कापून एका डब्यात भरून ठेवलेत. एक तुकडा काडीने पेटवायचा, त्यावर चिपाडं, मग तुराट्या, त्या धरल्या की शेणीचा तुकडा, आणि सगळ्यात शेवटी बाभळीचं लाकूड. ट्यूबचा काळा, उग्र धूर डोळ्यांत जातो तो जातोच. रॉकेल होतं तेव्हा याच डब्यात भिजवलेल्या चिंध्या असायच्या. "हे कुणी शिकवलं?" मी विचारलं. "ह्यात शिकवायचं काय आलं?" आत्या म्हणाली.

माझ्या थिसिसची खरी अडचण या उत्तरात आहे. ज्याला कुणी ज्ञान समजत नाही त्याची नोंद होत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरचा खंड 1884 सालचा. पिकं, बाजार, रेल्वे, सगळं त्यात आहे, आणि मला तो पानोपानी उपयोगी पडतो. पण सकाळी चूल कशी पेटायची हे शोधायला मला आत्याच्या परसातच यावं लागलं. सरकारी कागदात विस्तव आला तो कराच्या निमित्ताने. 1922 मध्ये परदेशी काडेपेट्यांवरची जकात जबर वाढली. ती चुकवून इथल्या बाजारात टिकायचं म्हणून स्वीडिश कंपनीने 1923 मध्ये 'विम्को' काढली आणि अंबरनाथला कारखाना उभा राहिला. 1934 मध्ये देशी काडेपेटीवरही अबकारी कर बसला. काडेपेटीचा इतिहास लिहायला कागद आहेत. शेणीवर कर नव्हता, त्यामुळे तिच्यासाठी कागदही नाही!

काडेपेटीच्या आधी लोक रोज विस्तव 'तयार' करत असतील असं मीही समजत होते. तसं नव्हतं. चकमक होती: गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि जाळून काळा केलेला कापूस. ठिणगी त्या कापसावर पडली की तो धुमसतो, मग फुंकर घालायची. पण चकमक ही जास्त करून रानात फिरणाऱ्यांची, तंबाखू ओढणाऱ्यांची वस्तू. घरात विस्तव तयार करायचा नव्हता, तो राखायचा होता. रात्री स्वैपाक झाला की जळती शेणी राखेत पुरायची. राखेमुळे हवा बेताची मिळते आणि ऊबही टिकते, म्हणून शेणी न भडकता रात्रभर धुमसत राहते. सकाळी राख बाजूला सारून शेणीचा कोरडा चुरा टाकायचा, फुंकणीने फुंकायचं, जाळ निघाला की तुराट्या. सोपं वाटतं. राख कमी पडली तर पहाटेपर्यंत सगळं जळून जातं, जास्त झाली तर विझतं. मी दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा सकाळी गार राख मिळाली.

विस्तव विझला, की मागायला जायचं. लहान पोरीला शेणीचा तुकडा देऊन शेजारी पिटाळायचं. तिने तो शेजारणीच्या चुलीतून पेटवून, वाऱ्यापासून सांभाळत घरी आणायचा. आपण दोन माणसांचं वैर सांगताना 'त्यांच्यातून विस्तव जात नाही' म्हणतो, त्याचा मला लागलेला अर्थ हा: ज्या दोन घरांत एवढीसुद्धा देवघेव उरली नाही ती. गाईडना हा पुरावा फारसा पटलेला नाही. मला मात्र वाटतं की नोंदवहीत जे उतरलं नाही ते वाक्प्रचारात राहिलं.

हे ऐकून 'काय ते जुने दिवस, काय तो शेजारधर्म' असं म्हणायचा मोह होतो. मलाही झाला. पहिल्या मसुद्यात मी तसं लिहिलंही होतं. मग गावाच्या कडेला राहणाऱ्या एका आजींशी बोलले. त्यांच्या आईला विस्तव हातात मिळायचा नाही. तिने आपली शेणी जमिनीवर ठेवून लांब उभं राहायचं, आणि आतून कुणी तरी त्यावर निखारा टाकायचं. तिन्हीसांजा झाल्या असतील तर तेवढंही नाही, दिवेलागणीनंतर लक्ष्मी बाहेर देत नाहीत म्हणून. "काडेपेटी आली आन् मागायचं सरलं," आजी म्हणाल्या. पाण्याची ही गोष्ट 1927 च्या महाडच्या सत्याग्रहाने इतिहासात आणली. विस्तवासाठी असं तळं नव्हतं, तो दारोदार मागावा लागायचा, म्हणून त्याची गोष्ट दारातच राहिली. मसुद्यातला तो परिच्छेद मी काढून टाकला.

होटगीपुरतं आणखी एक. इथून एक रूळ रायचूरकडे जातो आणि एक विजापूरवरून गदगकडे. हा दुसरा 1880 च्या दशकात मीटरगेज म्हणून आला. रुळाकडेला पडलेला अर्धवट जळलेला कोळसा बायका वेचून आणायच्या आणि शेगडीत घालायच्या. पण कोळसा नुसत्या काडीने पेटत नाही, त्याला खाली चिंधी आणि लाकडाचे बारीक तुकडे लागतातच. थंड पडलेलं इंजिन पेटवतानाही लाकडं आणि तेलात भिजवलेली सुताची वेस्टच वापरायचे. म्हणजे इंजिन आणि आत्याची चूल, दोघांची सुरुवात चिंधीनेच!

मीटरगेज आता नाही, पण कोळसा आहे. जवळच फताटेवाडीला एनटीपीसीचं 1320 मेगावॅटचं केंद्र आहे. कोळशावर चालणारा एवढा बॉयलरसुद्धा थंड असला की आधी तेलाच्या ज्योतीवर तापवावा लागतो, कोळसा त्यानंतर.

1 डिसेंबर 2021 पासून 1 रुपयाची काडेपेटी 2 रुपयांची झाली, 2007 नंतर पहिल्यांदाच. आत्याने त्यावर एकच उपाय केला: सकाळी चुलीसाठी एक काडी ओढायची, संध्याकाळची चूल राखेतल्या विस्तवावर. राख किती घालायची ते मी तिला परत विचारलं. तिने मूठ भरून दाखवली. मी वहीत 'एक मूठ' लिहिलं, आणि मग लक्षात आलं की तिची मूठ माझ्या मुठीपेक्षा बरीच मोठी आहे.