नाव कोणाचे राहिले?

बाळापुरास पाहुणा आला की आपण त्यास मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधला किल्ला दाखवितो, मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीपाशी नेतो आणि १७५७ साली पुरी झालेली ती तटबंदी किती उंच आहे हे अभिमानाने सांगतो. आज आम्हांस ज्या इतिहासाविषयी बोलावयाचे आहे, त्याला तट कधीच नव्हता. तो शाळेत जाणाऱ्या मुलींचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. सावित्रीबाई फुले शिकवावयास निघाल्या म्हणजे लोक अंगावर शेण टाकीत, खडे मारीत. त्या दुसरे लुगडे बरोबर ठेवीत. परंतु तो मार रस्त्यावरचा होता. एकदा वर्गाचे दार लागले की आत मुली निर्धास्त असत. हा भेद ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

आपल्या वऱ्हाडची बाई मात्र शाळेत न जाताच शिकली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत होते आणि सत्यशोधक होते. त्यांनी लेकीस घरीच लिहावाचावयास शिकविले. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. लोकलज्जेच्या भयाने तिने आपले नवजात मूल मारले होते. फाशीची शिक्षा झाली, ती अपिलात उतरून काळ्या पाण्याची झाली. एवढ्यावर 'पुणेवैभव' पत्राने समस्त स्त्रीजातीच्या नीतीचा पंचनामा मांडला. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' छापून त्याला उत्तर दिले. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. स्त्रियांच्या माथी जे जे दोष मारता ते तुमच्यात नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. विधवेला पुनर्विवाह नाही, आणि तिला फसविणाऱ्यास दंड नाही, हा कोठला न्याय? पुस्तकाची कुचेष्टा झाली. जोतीराव फुले 'सत्सारा'तून ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले, तरी त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि हेही विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले ते १९७५ साली! आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातील बाईचे शब्द आपल्यापर्यंत यावयास त्र्याण्णव वर्षे लागली.

त्या खटल्यात विजयालक्ष्मीचे नाव राहिले. मुलाच्या बापाचे नाव त्या कथेत नाही.

आता अलीकडचे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदविण्यास विलंब झाला, म्हणून लोकांनी रेल्वे रोखून धरली. त्याच आठवड्यात आपल्या बाळापूर तालुक्यातील एका गावच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकास अटक झाली. विद्यार्थिनींना अश्लील चित्रफिती दाखविल्याचा व त्यांचा विनयभंग केल्याचा आरोप होता. मुली सहा. बालकांच्या मदतीसाठी असलेल्या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावरून तक्रार वर गेली.

सावित्रीबाईंच्या काळी भय वाटेवर होते. ते आता दाराच्या आत, फळ्यापाशी येऊन उभे राहिले. आणि असे काही कानावर आले की आपण घरात काय करतो? लेकीची शाळा बंद करतो, स्थळे पाहू लागतो. मास्तरांचे काय झाले, हे कोणी महिन्याने विचारीतही नाही. शिक्षा मुलीलाच, ही विजयालक्ष्मीच्या वेळची रीत आपण अजून मोडलेली नाही.

कायदा मात्र पालटला आहे. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२ साली झालेल्या कायद्याप्रमाणे असा प्रकार ठाऊक असून दडविणे हाच अपराध आहे, मग तो मुख्याध्यापकाने दडविलेला का असेना. पीडित मुलीची ओळख प्रसिद्ध करण्यासही बंदी आहे.

म्हणून त्या गावाचे नाव आम्ही येथे घेतले नाही. गाव लहान असले की गावाच्या नावावरून शाळा निघते, शाळेवरून वर्ग निघतो, आणि वर्गावरून मुलगी.