वणीच्या बाजारातले ‘जिनसेंग’

* लेखकाने वणीला सप्तशृंगीच्या यात्रेत ‘जिनसेंग’ म्हणून घेतलेली मुळी बहुधा आस्कंद, म्हणजे अश्वगंधा असावी : मोडली की आत पांढरी, पिठूळ, वास उग्र. ती वांगी-मिरचीच्या कुळातली. कोरियन जिनसेंगशी तिचे नाते नाही. जिनसेंगने ‘नव्या रक्तवाहिन्या फुटतात’ हे लेखातले विधानही अर्धेच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जिनसेंगमधल्या आरजी-१ या घटकाने रक्तवाहिन्यांची ही वाढ चेतवली, आरबी-१ या घटकाने दाबली; आणि दोन्ही घटक एकाच मुळात! जिनसेंगच्या अमेरिकी जातीत आरबी-१ वरचढ, त्यामुळे जात किंवा अर्क काढायची रीत बदलली की परिणाम उलटू शकतो. जखमेला अशा वाहिन्या हव्यात, कर्करोगाच्या गाठीला मिळू नयेत. अश्वगंधेतले विथाफेरिन-ए मात्र प्रयोगशाळेत अशा वाहिन्यांची वाढ रोखताना आढळले आहे. – संपा.