एकोणचाळीस सेकंदांचा राजा

एक गुडघा नावेत टेकवलेला, दुसरा पाय पुढे रोवलेला, हातात एकाच पात्याचं वल्हं. तेही एकाच बाजूला मारायचं, तरी नाव सरळ जायला हवी! युक्रेनमधल्या ओडेसात जन्मलेला युरी चेबान या कनू शर्यतीत मुरलेला.

बीजिंगला, 2008 साली, 500 मीटरमध्ये कांस्य. मग 2012 ला लंडनमध्ये पुरुषांची 200 मीटरची एकेरी शर्यत ऑलिंपिकमध्ये आली आणि सुवर्ण चेबानचं.

रिओत 2016 ला त्याने 39.279 सेकंदांत पुन्हा बाजी मारली. दुसरा आला अझरबैजानचा देम्यानेन्को, जन्माने तोही युक्रेनचाच. त्या ऑलिंपिकमध्ये युक्रेनला सुवर्णं मिळाली अवघी दोन. त्यातलं एक हे. मायदेशी कौतुक होणारच.

पुढे पुरुषांची ही शर्यतच ऑलिंपिकमधून वगळली गेली. दोनदाच झाली, दोन्ही वेळा तोच जिंकला.