आवाजाचे कूळ

गियोम द माशो या चौदाव्या शतकातील फ्रेंच कवी-संगीतकाराच्या मिस्सेची दोन ध्वनिमुद्रणे आम्ही एकदा पदव्युत्तर वर्गात लागोपाठ ऐकवली. ‘संहिता आणि सादरीकरण’ हा त्या दिवशीच्या चर्चेचा विषय होता. पहिले ध्वनिमुद्रण इंग्लंडमधील हिलियर्ड एन्सेम्बलचे. त्यातले आवाज स्वच्छ, सरळ, जवळजवळ निष्कंप. चार गायक असूनही एकाच पात्यातून चार किरण फुटावेत तसे. दुसरे मार्सेल पेरेस यांच्या फ्रान्समधील ऑर्गानुम या वृंदाचे. त्यात खर्जातले रुंद आवाज, स्वरास्वरांवर मुरक्या आणि शब्दांना मातीचा वास. संहिता एकच, अक्षरे तीच. ध्वनिमुद्रणे संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यातलं खरं कुठलं?”

त्या दिवशी आम्ही “दोन्ही एकाच हस्तलिखितावर आधारलेली आहेत” असे उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला. त्याचे उत्तर हस्तलिखितात नसून सीडीसोबतच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, म्हणजे गायकांच्या परिचयात आहे, असे आज आम्हाला वाटते.

आपल्याकडे गायकाचा परिचय गुरूपासून सुरू होतो. कोणाकडे शिकला, कोणत्या घराण्याचा, हे कळल्याशिवाय रसिकाचे समाधान होत नाही. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याची श्रद्धा प्रामुख्याने लिहिलेल्या स्वरांवर असते, त्यामुळे गायकांचा परिचय तो पुष्कळदा चाळून सोडतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील संगीतापुरते हे काहीसे चालून जाईल. मध्ययुगीन संगीतात मात्र ते चालत नाही. माशोच्या हस्तलिखितांत स्वर आहेत, लय आहे, शब्द आहेत. गती किती, मूळ स्वर कोणता, आवाजात कंप किती असावा, लॅटिन शब्द फ्रेंच वळणाने उच्चारावेत की इटालियन, याविषयी ती मौन पाळतात. हे मौन गायकाला भरून काढावे लागते, आणि तो ते आपल्या घडणीतून भरतो. त्यातही जिथे प्रत्येक स्वरपंक्तीला एकच गायक असतो अशा चार-पाच जणांच्या वृंदात कोणालाच दुसऱ्याच्या आवाजाआड लपता येत नाही. व्यक्तीचे पूर्वायुष्य तिथे थेट कानावर येते.

या कथेचा आरंभ आल्फ्रेड डेलर (१९१२–१९७९) यांच्यापासून करणे योग्य ठरेल. डेलर कोणत्याही संगीत महाविद्यालयात शिकलेले नव्हते. बालपणी चर्चच्या वृंदात गायलेला हा मुलगा आवाज फुटल्यानंतरही वरच्या पट्टीत गात राहिला. पोटासाठी दुकानात नोकरी केली. युद्धकाळात सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिला आणि शेतावर काम केले. १९४० साली ते कॅंटरबरी कॅथीड्रलच्या वृंदात पगारी गायक झाले. तिथे संगीतकार मायकेल टिपेट यांनी त्यांना ऐकले. १९४६ साली बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमचे उद्घाटन झाले, त्या रात्री डेलर पर्सेलची रचना गायले आणि सतराव्या शतकात हरवलेला काउंटरटेनर परत आला अशी श्रोत्यांची भावना झाली. १९४८ मध्ये त्यांनी डेलर कन्सॉर्ट हा छोटा वृंद स्थापन केला. वस्तुतः तो आवाज कुठे हरवलेलाच नव्हता. अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये मधली स्वरपंक्ती प्रौढ पुरुष वरच्या आवाजात गातच आले होते. डेलर यांनी तो आवाज उपासनेच्या बाकांवरून उचलून सभागृहात आणला. ‘पुनरुज्जीवन’ म्हणून ज्याचे स्वागत झाले, ते प्रत्यक्षात एका जिवंत संस्थेचे स्थलांतर होते.

पुढच्या पिढीत हे स्थलांतर मोठ्या प्रमाणावर घडले. हिलियर्ड एन्सेम्बल १९७४ मध्ये स्थापन झाला. एलिझाबेथकालीन लघुचित्रकार निकोलस हिलियर्डवरून त्याचे नाव ठेवले गेले. त्यातील गायकांचे परिचय शेजारी शेजारी मांडले की एक नकाशाच तयार होतो. संस्थापकांपैकी पॉल हिलियर लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये शिकले आणि सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या वृंदात गायले. काउंटरटेनर डेव्हिड जेम्स ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या वृंदातून आले. टेनर जॉन पॉटर लहानपणी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या वृंदात होते. दुसरे टेनर रॉजर्स कव्ही-क्रम्प ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे बालगायक; पुढे जुन्या संगीतातील स्वरांतरांच्या शुद्धतेवर त्यांनी अभ्यासपूर्वक लिहिले. शहरे वेगळी, कॉलेजे वेगळी. शाळा मात्र एकच म्हणावी लागेल.

ही शाळा काय शिकवते? आठ-नऊ वर्षांची मुले निवडली जातात, बहुधा वसतिगृहात राहतात आणि आठवड्यातले बहुतेक दिवस सायंप्रार्थनेत गातात. रोज नवे संगीत, तालमीला वेळ थोडा. त्यामुळे समोर आलेला कागद पहिल्याच नजरेत वाचून गाणे ही त्यांची सवय बनते. शेजाऱ्याच्या स्वराशी आपला स्वर इतका जुळवायचा की कोणाचा आवाज कोणता हे कळू नये. वेगळे उठून दिसणे हा तिथे दोष. गोव्यातील पॅरिश शाळांत मेस्तांच्या हाताखाली स्वरलेखन वाचायला शिकलेल्या मुलांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत जी तत्परता दाखवली, तिचे मूळही अशाच शिक्षणात होते, हे या संदर्भात आठवते. चर्चने आपल्या गरजेसाठी घडवलेले कौशल्य चर्चबाहेर एका नव्या व्यवसायाचा पाया ठरले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत लंडनमध्ये जुन्या संगीताची ध्वनिमुद्रणे झपाट्याने होऊ लागली, तेव्हा थोड्या तालमीत निर्दोष गाणारे हे गायक तयारच होते. त्यांची संख्या फार मोठी नव्हती. म्हणून एकाच गायकाचे नाव दोन-तीन वृंदांच्या पुस्तिकांत आढळते. कव्ही-क्रम्प हे हिलियर्डप्रमाणेच गॉथिक व्हॉइसेसमध्येही गायले.

गॉथिक व्हॉइसेसचा उल्लेख साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष जिव्हाळ्याने करावा असा आहे, कारण १९८० मध्ये तो स्थापन करणारे क्रिस्टोफर पेज हे मुळात मध्ययुगीन साहित्याचे अभ्यासक. फ्रेंच प्रेमगीतांच्या हस्तलिखितांत बहुधा वरच्या एकाच स्वरपंक्तीखाली शब्द असतात. खालच्या पंक्ती निःशब्द असतात. त्या वाद्यांसाठी असणार, असा समज अनेक दशके रूढ होता आणि मध्ययुग म्हटले की शिंगे, ढोलकी आणि तंतुवाद्ये यांची रंगीत जत्रा श्रोत्यांसमोर उभी राहत असे. १९७७ मधील एका लेखात पेज यांनी माशोचा शिष्य मानला जाणारा कवी यूस्ताश देशाँ याच्या लेखनाकडे लक्ष वेधले आणि ही गीते केवळ कंठांनीही गायली जात असल्याचे त्यातून दाखवले. एका कवीच्या शब्दांचे बारकाईने केलेले वाचन सादरीकरणाची रीत बदलू शकते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. पेज यांच्या वृंदाने गायलेल्या, बाराव्या शतकातील हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन या मठाधिपती स्त्रीच्या रचनांची ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये आली आणि अनपेक्षितपणे लोकप्रिय झाली. तिच्यातील सोप्रानो एमा कर्कबी ऑक्सफर्डमध्ये ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्य शिकल्या होत्या आणि काही काळ शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या गाण्यात शब्द ज्या स्पष्टतेने उमटतो, त्याचा या पूर्वायुष्याशी संबंध नाही असे मानणे कठीण आहे.

पण इथेच एक अडचण उभी राहते. केवळ कंठांनी गाण्याचा पुरावा खरा मानला, तरी ‘कोणत्या’ कंठांनी, हे देशाँ सांगत नाही. ते उत्तर ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या चॅपलनी परस्पर देऊन टाकले. अमेरिकन अभ्यासक हॉवर्ड मेयर ब्राउन यांनी १९८७ मध्येच या नव्या वाद्यविरहित गायनाला ‘पाखंड’ म्हटले. पेज यांनी तो शब्द खिलाडूपणे स्वीकारला आणि त्यापुढे ‘इंग्लिश’ हे विशेषणही जोडले. पुढे डॅनियल लीच-विल्किन्सन यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात मध्ययुगीन संगीताचा ध्वनी ही आधुनिक काळाची निर्मिती कशी आहे, याची सविस्तर चिकित्सा केली. विशेष म्हणजे आतल्या माणसानेही हे ओळखले होते. किंग्ज कॉलेजच्या त्या बालगायकाने, जॉन पॉटर यांनी, १९९८ मध्ये गायनशैली आणि विचारसरणी यांच्या संबंधांवर ग्रंथ लिहिला. ‘चांगला आवाज’ ही नैसर्गिक गोष्ट नसून समाजातील अधिकाराची रचना त्यात बोलत असते, असा त्यांचा रोख आहे. ज्या शाळेने घडवले तिच्याकडे वळून पाहण्याची ही वृत्ती दुर्मीळ आहे.

अधिकाराचा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. ही शाळा मुलांची होती. मुलींना तिचे दार बंद होते. सॉल्झबरी कॅथीड्रलने मुलींचा स्वतंत्र वृंद सुरू केला तो १९९१ मध्ये, आणि इंग्लंडच्या कॅथीड्रलांत तो पहिला होता. जुन्या संगीतात आलेल्या स्त्रिया म्हणूनच दुसऱ्या वाटांनी आल्या. १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चार स्त्रियांनी ‘अ‍ॅनॉनिमस फोर’ हा वृंद सुरू केला, तो मध्ययुगीन संगीत स्त्रियांच्या आवाजात कसे वाटेल या कुतूहलापोटी. तेराव्या शतकात पॅरिसच्या नोत्र दामच्या संगीताची माहिती लिहून ठेवणारा एक अनामिक लेखक अभ्यासकांत ‘चौथा अनामिक’ म्हणून ओळखला जातो; नावातला श्लेष त्याच्यावर आहे. त्यांच्यापैकी सुझन हेलॉअर संगीतशास्त्राच्या अभ्यासक, मूळच्या ट्रम्पेटवादक. मार्शा जेनेन्स्की यांचा अभ्यास लोकसाहित्याचा. १९९८ मध्ये आलेल्या जॅकलीन हॉर्नर उत्तर आयर्लंडच्या. इथे एका शाळेचा शिक्का नाही. चौघींनी मिळून स्वतःची शाळा घडवली. पुढे २००४ मध्ये हाच वृंद जुनी अमेरिकन धर्मगीते घेऊन आला, तेव्हा जेनेन्स्की यांचे लोकसाहित्य आपल्या घरी परतल्यासारखे वाटले. स्त्रियांनी बहुस्वरी संगीत गाणे अनैतिहासिक आहे, असा आक्षेप घेतला जाई. त्याला उत्तर स्पेनमधील बुर्गोसजवळच्या लास उएल्गास मठात होते. तिथल्या जोगिणींच्या चौदाव्या शतकातील हस्तलिखितात बहुस्वरी रचनांबरोबर त्यांच्या स्वरसरावाचा एक पाठही आहे. २०११ मध्ये अ‍ॅनॉनिमस फोरने त्या हस्तलिखितातील रचना ध्वनिमुद्रित केल्या. गाणाऱ्या बदलल्या म्हणून इतिहासातील गाणाऱ्या दिसू लागल्या, असे इथे म्हणता येईल.

आता वर्गातल्या त्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणाकडे परत येऊ. मार्सेल पेरेस अल्जीरियातील ओरान येथे जन्मलेले, शिक्षणाने ऑर्गनवादक. १९८२ मध्ये ऑर्गानुम स्थापन केल्यावर त्यांनी जिथे मौखिक परंपरा टिकून आहे तिथले गायक शोधले. प्राचीन रोमन स्तोत्रांसाठी त्यांनी ग्रीक चर्चचे गायक लिकुर्गोस आंगेलोपुलोस यांना बोलावले. माशोच्या मिस्सेसाठी, जिचे ध्वनिमुद्रण १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, कॉर्सिका बेटावरील गायक आणले. विद्यार्थिनीने ऐकलेल्या मुरक्या त्या बेटावरच्या होत्या. त्या रीम्सच्या कॅथीड्रलमध्ये माशोने ऐकल्या असतील काय, याचा पुरावा नाही; तसा तो केंब्रिजच्या निष्कंप स्वराचाही नाही. फरक इतकाच की पेरेस यांचा निर्णय डोळ्यांत भरतो, म्हणून आपण त्याला ‘प्रयोग’ म्हणतो. इंग्रजी आवाज इतका परिचयाचा झाला आहे की तो निर्णय आहे हेच आपण विसरतो.

याचा अर्थ सर्व सादरीकरणे सारखीच, असा आम्हाला अभिप्रेत नाही. हिलियर्ड एन्सेम्बलने चाळीस वर्षांनंतर डिसेंबर २०१४ मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये निरोप घेतला, तोवर पेरोतँपासून आर्वो पॅर्तपर्यंत त्यांनी जे गायले ते असामान्य होते. त्यांच्या शाळेने दिलेली शिस्त नसती तर ते शक्य झाले नसते. आमचे म्हणणे एवढेच की पाठचिकित्सेत आपण लेखनिकाचा प्रांत, त्याची बोली, त्याच्या चुका यांची जशी नोंद घेतो, तशीच गायकाच्या घडणीची घ्यावी. तोही त्या संहितेचा एक लेखनिकच आहे.

आता ती दोन ध्वनिमुद्रणे लावण्यापूर्वी आम्ही वर्गात दोन्ही वृंदांतील गायकांचे परिचय वाचून दाखवतो. “खरं कुठलं?” हा प्रश्न तरीही येतो, आणि तो यावाच. गेल्या वेळी मात्र त्याच्या जोडीला दुसरा एक आला. ज्ञानेश्वरीतल्या ओव्या आम्ही वर्गात ज्या आवाजात वाचतो, तो आवाज कुठला, असे एका विद्यार्थ्याने विचारले. आमच्यातला एक जण कीर्तन ऐकत वाढला, दुसऱ्याने ओवी प्रथम शाळेच्या पाठांतर स्पर्धेत म्हटली. आमच्या दोघांच्या वाचनातला फरक विद्यार्थ्यांनी कधीच टिपला होता. आम्ही तो त्या दिवशी प्रथमच ऐकला.