पेटी कोनाकडं गेली?

भातकुलीत बँड म्हणजे वरातीपुढचा. त्यामुळं मोबाइलवर एका जुन्या मुंबईकर गायकाचं गाणं लावून मी म्हटलं, "याचा बँड कधीचाच बंद पडला," तेव्हा मोठेबाबांनी आधी विचारलं, "लग्नाचा?" नाही म्हटल्यावर, "मंग फुटला काय?" आणि लगेच मुद्द्याचं, "पेटी कोनाकडं गेली?"

तुकडोजी महाराजांच्या जिल्ह्यात हा अगदी व्यवहाराचा प्रश्न. इकडं भजनी मंडळं जमतात, रुसतात, फुटतात. मग पेटी एकाच्या घरी, खंजिरी दुसऱ्याच्या, आणि चांगला गळा तिसऱ्याच मंडळात. मंडळाचं खरं कूळ शोधायचं तर फुटल्यानंतरची ही वाटणी बघावी लागते.

गायक होते नंदू भेंडे. वडील आत्माराम भेंडे, बबन प्रभूंच्या फार्समध्ये प्रेक्षकांना लोळवणारे. आई आशा भेंडे, त्याही रंगभूमीवरच्याच. अशा घरातला मुलगा १९७० च्या दशकात इंग्रजीत रॉक गात होता. व्हेल्वेट फॉग, ब्रीफ एन्काउंटर, सॅव्हेज एन्काउंटर ही त्याच्या बँडांची नावं. एक मोडायचा, दुसरा उभा राहायचा. तेव्हाच्या बँडांना मोठं व्यासपीठ मिळालं ते सिगारेटच्या कृपेनं. 'सिमला' या सिगारेटच्या नावानं 'सिमला बीट' ही देशभरातल्या बँडांची स्पर्धा होई आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धांच्या तबकड्याही निघाल्या. एरवी बहुतेक मंडळी परदेशी बँडांचीच गाणी गात. उसन्या गाण्यांचे हे बँड मोडले याचं मला फारसं दुःख नाही. गळा मात्र उसना नव्हता.

तो आधी गेला इंग्रजी रंगभूमीवर. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' केलं. त्यात भेंडे जुडास झाले. येशूला दगा देणाऱ्याच्या तोंडी रॉक घालणारं हे नाटक. चिडलेला, फाटका, वर चढत जाणारा आवाज इथं शोभेचा नव्हता, भूमिकेचीच ती गरज होती. बँडमध्ये माइकपुढं उभं राहून गाणं वेगळं आणि पात्र होऊन गाणं वेगळं. भेंड्यांच्या घरात हा फरक कुणाला शिकवावा लागला नसेल.

मग १९७८. पुण्याची थिएटर अकॅडमी, दिग्दर्शक जब्बार पटेल आणि पु. लं.चं 'तीन पैशाचा तमाशा'. या नाटकाचं कूळ तर आणखी लांबचं. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गेनं भिकाऱ्यांचा ऑपेरा लिहिला. बरोबर दोनशे वर्षांनी बर्लिनमध्ये ब्रेख्तनं त्याला तीन पैशांचा केला आणि कुर्ट वाइलनं त्यात कॅबरे-जाझचे सूर मिसळले. पु. लं.नी तो तमाशात आणला. संगीताला भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि स्वतः नंदू भेंडे. नाट्यसंगीत, लावणी आणि पाश्चात्त्य चाली एकाच रात्री, एकाच मंचावर. आणि गुंडांचा म्होरक्या अंकुश रंगवला भेंड्यांनीच. नाट्यपदावर वाढलेल्या प्रेक्षकानं रॉकचा गळा ऐकला तो मराठी शब्दांत, मराठी गुंडाच्या तोंडून. बँडच्या कार्यक्रमाला त्यातले किती जण गेले असते?

११ एप्रिल २०१४ ला नंदू भेंडे गेले. त्यांना पहिल्यांदा ऐकायचं असेल तर त्या बँडांच्या मागं लागू नका. अंकुशची गाणी शोधा, आणि ती ऐकून झाली की मग मागं जुडासकडं या.

एवढं सगळं मोठेबाबांना सांगून मी म्हटलं, "तर पेटी नाटकवाल्यांकडं गेली."

"मंग गेली," ते म्हणाले. "नाटकवाले वापस नाई करत."