पोतं मोजणारा कायदा

परवा पुतण्या घरी आला तो हात गळ्यात बांधूनच. सांगलीत विश्रामबागेकडं तो ॲपवरून जेवण पोचवतो. पावसात गाडी घसरली. आता महिनाभर काम नाही, म्हणजे पैसाही नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "तुम्ही आमचे कामगार नाही, पार्टनर आहात."

हे उत्तर नवीन नाही बरं का. माझ्या आजोबांनी ते साठ वर्षांपूर्वी ऐकलंय. तेव्हा ॲप नव्हतं, पेढी होती.

आमचा पाटण तालुका काय किंवा शिराळा काय, डोंगरउताराची तुटपुंजी शेती. घरटी एक माणूस मुंबईला. मशीद बंदरला शंभर-शंभर किलोची पोती पाठीवर, रात्री गावकीच्या गाळ्यात मुक्काम. एक टोळी दिवसात दहा पेढ्यांचा माल उतरवायची. मग मालक कोण? कुणीच नाही! पाय मोडला की गावाकडची एसटी धरायची.

पाटण तालुक्यातल्याच मंद्रुळकोळे गावच्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली. मोर्चे निघाले, संप झाले आणि १९६९ मध्ये, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, माथाडी कायदा आला.

या कायद्याची खुबी बघा. एका हमालाचा एकच मालक शोधत बसायची गरजच त्यानं ठेवली नाही. टोळीनं मंडळाकडं नोंद करायची, पेढीनंही करायची. ज्यानं माल उतरवून घेतला त्यानं मजुरी मंडळात भरायची, वर ठरावीक टक्के लेव्ही. त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, दवाखाना. मंडळावर हमाल आणि मालक सारख्या संख्येनं, सोबत सरकारची माणसं. थोडक्यात, कायद्यानं मालक मोजला नाही, पोतं मोजलं. आजोबा निवृत्त झाले तेव्हा फंडाच्या पैशातच आमच्या घरावर स्लॅब पडला.

सगळं गोड झालं असं नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्याही निघाल्या, त्यांनी कायदा बदनाम केला. ते मान्य करायलाच हवं.

आता आजचं. राजस्थाननं २०२३ मध्ये देशात पहिल्यांदा गिग कामगारांचा कायदा केला, त्यातही कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारामागं शुल्क आहे. २०२५ मध्ये कर्नाटकानं केला. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. चांगलंय. पण ऑर्डरचा दर कोण ठरवणार, आयडी बंद केला तर दाद कुठं मागायची, हे त्या संहितेत नाही. माथाडी मंडळात निदान समोरासमोर बसायला टेबल होतं.

आणि हिशेबाची अडचण म्हणाल, तर ती आता राहिलीच नाही. तेव्हा पोती वहीत मोजायला लागायची. आज कुठली ऑर्डर कुणी, किती वाजता, किती किलोमीटरवर पोचवली, हे ॲपला मिनिटामिनिटाला ठाऊक असतं. बोगस नावं घुसवणंही त्यामुळं अवघड.

पुतण्याला आजोबांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "काका, मग आमचं पोतं कोण मोजणार?"

आपल्या आमदार-खासदारांना हा प्रश्न विचारायला हरकत नाही. माथाडी कायदा ज्यांच्या घामातून आला, ती माणसं याच मातीतली होती.